चार विमानं, एक मध्यरात्र आणि पिंट्याचा होमस्टे

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. शनिवारची सकाळ, मी रामदासपेठेत तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर उभा, हातात प्लेट, आणि नेमका पिंट्याचा फोन. पिंट्या म्हणजे माझा मामेभाऊ. रामटेकच्या बाजूला राहतो, मामाची थोडी शेती बघतो आणि सीझनमध्ये पेंचला सफारीची जिप्सी चालवतो.

"दादा, पाच लाख पाहिजे होते."

"काऊन बे?"

काऊन ते त्याने सविस्तर सांगितलं. सिल्लारी गेटच्या अलीकडे मामाचा एक तुकडा पडून आहे. तिथे सहा खोल्यांचा होमस्टे बांधायचा. थोडं कर्ज बँक देते म्हणाली, बाकीचे दादा देईल. मी जरा आढेवेढे घेतले तेव्हा त्याने हुकमी पान टाकलं. "अबे दादा, आपला एअरपोर्ट मोठा होऊन राहिला ना! आता इमानं वाढतीन. इमानं वाढली की टूरिस्ट वाढनच. साधं गणित हाय."

आता पाच लाख म्हणजे माझ्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी पै-पै करून जमवलेल्या रकमेतला चांगला मोठा लचका. द्यायचे तर विचार करून द्यायला हवेत. आणि आम्हा आयटीवाल्यांना एक खोड असते. समोरच्याने 'साधं गणित आहे' म्हटलं की आम्ही आधी गृहीतक तपासतो. बहुतेक बग तिथेच सापडतो. :)

पिंट्याचं गृहीतक होतं : विमान आलं की पर्यटक येतो. हे खरं आहे का? त्याला म्हटलं, दोन-तीन आठवडे थांब. तेवढे वीकेंड मी यावर घालवले. आणि गंमत म्हणजे उत्तराची सुरुवात माझ्या घरातच, आजोबांच्या गोष्टींत सापडली.

माझे आजोबा टपाल खात्यात होते. १९५८ साली नोकरीला लागले आणि पुढची बरीच वर्षं त्यांची ड्यूटी सोनेगाव विमानतळावर, तीही रात्रीची. लहानपणी आम्हाला झोपवताना ते राजा-राणीऐवजी विमानांच्या गोष्टी सांगायचे. "चार दिशांनी चार विमानं यायची, मध्यरात्री आपल्या गावात भेटायची, आणि उजाडायच्या आत आपापल्या घरी जायची." मला कितीतरी वर्षं ही परीकथाच वाटत होती. मोठं झाल्यावर कळलं की आजोबा अक्षरशः खरं सांगत होते.

झालं होतं असं. दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिकन सैन्याची डाकोटा विमानं स्वस्तात विकायला निघाली. भारतात भराभर खासगी विमान कंपन्या उभ्या राहिल्या. त्या वेळी दळणवळण खात्याचे मंत्री होते रफी अहमद किदवई. टपाल रात्रीतून विमानाने पोचवायचं, ही योजना त्यांनी लावून धरली. जानेवारी १९४९ मध्ये नाइट एअर मेल सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून दररोज रात्री एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघायचं आणि नागपुरात उतरायचं. मुंबईच्या विमानातल्या कलकत्त्याच्या थैल्या कलकत्त्याच्या विमानात, मद्रासच्या मद्रासच्या विमानात, अशी अदलाबदल व्हायची. मग चारही विमानं आल्या वाटेने परत. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. १९४९ सालीच देशांतर्गत साधी पत्रंसुद्धा जादा पैसे न घेता विमानाने न्यायचं ठरलं होतं, त्यामुळे हा काही साहेबांच्या टपालापुरता कारभार नव्हता.

नागपूरच का? नकाशा बघा. चार शहरं चार कोपऱ्यांत आणि नागपूर जवळजवळ मधोमध. (उगाच नाही आपल्याकडे झिरो माइलचा दगड आणि चार घोडे!) चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मध्ये एक केंद्र ठेवलं तर चार मार्गांत काम भागतं. नेटवर्किंगच्या पहिल्याच धड्यात आपण स्टार टोपोलॉजी शिकतो ना, ती हीच. नागपूर म्हणजे त्या जाळ्यातला स्विच होता. आणि माझे आजोबा त्या स्विचच्या आत बसून पॅकेट्स इकडून तिकडे टाकत होते. हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पॅकेट कसलं, चांगलं पोतं असायचं. पाठ धरायची."

हे सगळं सुरळीत चाललं असं नाही. रात्री उतरण्याच्या पुरेशा सोयी नसताना हे धाडस नको, अशी टीका खुद्द जे. आर. डी. टाटांनी केली होती. ऑगस्ट १९५३ मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि ही सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला सोनेगावहून मद्रासकडे निघालेलं डाकोटा उड्डाण होताच कोसळलं. १४ पैकी १३ जण गेले. वाचला तो एकटा वैमानिक. तरीही सेवा चालू राहिली, ती थेट ऑक्टोबर १९७३ पर्यंत. म्हणजे सुमारे पंचवीस वर्षं!

आता पिंट्याच्या गणिताकडे येऊ. या विमानांत नुसतं टपाल नसायचं, प्रवासीही असायचे. म्हणजे विमान प्रवास भारतात नवलाईचा होता त्या काळात, देशातल्या चारही मोठ्या शहरांतून रोज रात्री थेट नागपूरला विमान होतं. मुंबईहून दिल्लीला निघालेला माणूस मध्यरात्री नागपूरच्या जमिनीवर पाय ठेवायचा. १९५३ साली सोनेगावला नवी इमारत झाली. उपाहारगृह, विश्रांतीच्या खोल्या, पुस्तकांचा स्टॉल आणि विमानं बघायला येणाऱ्यांसाठी गॅलरीसुद्धा.

पिंट्याचं गृहीतक बरोबर असतं तर नागपूर हे पन्नासच्या दशकातच मोठं पर्यटनस्थळ व्हायला हवं होतं. झालं का? नाही झालं. पाहुणे चहा प्यायचे, पाय मोकळे करायचे, दुसऱ्या विमानात बसायचे आणि जायचे. आजोबा म्हणायचे, "देशातली मोठमोठी माणसं मी जांभया देताना पाह्यली." नागपूर त्यांनी पाहिलंच नाही, पाहिला तो फक्त काळोख. उलट पर्यटक होतो आम्ही. माझे बाबा सहा वर्षांचे असताना आजोबांच्या सायकलवर बसून त्या गॅलरीत विमान बघायला गेले होते. ती त्यांच्या आयुष्यातली पहिली 'ट्रिप'. विमानामुळे नागपुरात वाढलेलं पर्यटन असेल तर ते एवढंच.

इथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि मी तो स्वतःच घेऊन पाहिला. डाकोटात माणसं मावायची वीस-पंचवीस. चार विमानं मिळून रात्रीला शंभरसुद्धा नाहीत. एवढ्याने कुठे पर्यटन वाढतं?

तर याला उत्तर आहे कॉर्सिका. भूमध्य समुद्रातलं हे फ्रेंच बेट. १९५० सालच्या मे महिन्यात व्लादिमीर राइट्झ नावाच्या लंडनच्या एका तरुणाने एक विमान भाड्याने घेतलं आणि गॅटविकहून लोकांना कॉर्सिकातल्या काल्वी या गावी नेलं. विमान कुठलं? डाकोटाच! आपल्या सोनेगावला रात्री उतरायचं तेच. जागा ३२. भाडं ३२ पौंड १० शिलिंग. पण या पैशांत नुसती विमानातली जागा नव्हती. काल्वीच्या किनाऱ्यावर तंबूत मुक्काम, दोन वेळचं मटणाचं जेवण (इंग्लंडमध्ये तेव्हा मांसावर रेशनिंग होतं!), सोबत वाइन, सगळं त्यात आलं. हवाई पॅकेज टूरची सुरुवात साधारण इथून मानतात. पुढे स्पेनच्या किनाऱ्यांवर जी हॉटेलांची जंगलं उभी राहिली, त्यांचं बी हे.

विमान तेच, साल जवळजवळ तेच. नागपुरात रोज चार, काल्वीत आठवड्याला कसंबसं एक. फरक काय? राइट्झने विमानातली खुर्ची विकली नाही, त्याने जमिनीवरची खाट विकली. खुर्ची तिच्याबरोबर आली. नागपुरात खुर्च्या होत्या, पण खाट विकायला कुणी बसलंच नव्हतं.

पण ही तुलना थोडी अन्यायाची वाटते. काल्वी हे मुळात समुद्रकिनाऱ्याचं गाव, नागपूर हे जंक्शन. जंक्शनने करायचं तरी काय? म्हणून मी नागपूरसारखंच दुसरं गाव शोधलं आणि सापडलं आयर्लंडमधलं शॅनन.

शॅननची गोष्ट थेट आपली आहे. युरोपातून अमेरिकेला जाणारी जुनी विमानं अटलांटिक ओलांडण्याआधी इंधन भरायला शॅननला उतरायची. प्रवासी उतरायचे, कॉफी प्यायचे, जायचे. डिट्टो सोनेगाव. पण तिथल्या ब्रेंडन ओ'रीगन नावाच्या माणसाच्या डोक्यात एक किडा होता. हा विमानतळावरच्या खानपान सेवेचा प्रमुख. त्याने १९४७ साली विमानतळावर करमुक्त वस्तूंचं दुकान काढलं. जगातल्या प्रत्येक विमानतळावर आज जे ड्यूटी फ्री दिसतं, त्यांचं मूळ ते. पुढे जेट विमानं आली. आता ती न थांबता अटलांटिक ओलांडणार, शॅनन बसणार, हे सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा १९५९ साली विमानतळाला लागून करमुक्त औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं. आणि जवळच बनराटी नावाचा एक पडका किल्ला होता, तो दुरुस्त करून १९६३ पासून तिथे मध्ययुगीन थाटाच्या मेजवान्या सुरू केल्या. म्हणजे प्रवाशाला एक रात्र थांबायला कारण दिलं. विमान थांबतंय तोवरच, माणूस थांबेल याची सोय त्यांनी केली.

आपण? आपण घड्याळ बघत बसलो. डाकोटा म्हातारं झालं, व्हायकाउंट आलं, मग जेट आली. सत्तरच्या दशकात मुंबई-कलकत्ता थेट जायला मध्ये कुणाला भेटायची गरजच उरली नाही. स्विच काढून थेट केबल टाकली, एवढंच. ऑक्टोबर १९७३ मध्ये सोनेगावची ती रात्रीची जत्रा मोडली. आजोबांची बदली स्टेशनवर झाली. ते म्हणायचे, पहिले कितीतरी महिने रात्री दीड वाजता आपोआप जाग यायची.

त्या १९७३ सालाबद्दल वाचताना मात्र मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. एकाच वर्षात तीन गोष्टी घडल्यात. एप्रिलमध्ये अमेरिकेत मेम्फिस नावाच्या, देशाच्या साधारण मधल्या भागातल्या शहरात फेडेक्सने काम सुरू केलं. १४ छोटी विमानं रात्री एका ठिकाणी आणायची, पार्सलांची अदलाबदल करायची आणि पहाटे परत पाठवायची. पहिल्या रात्री पार्सलं होती १८६. ओळखीचं वाटतंय ना? (त्यांनी आपल्याकडून उचललं असं मी म्हणत नाहीये. पण ते सुरू करत होते त्याच वर्षी आपण बंद केलं, हे टोचतं खरं.)

आणि त्याच एप्रिलच्या एक तारखेला भारतात एक सरकारी योजना सुरू झाली. तिचा विमानाशी काही संबंध नव्हता. तिचं नाव प्रोजेक्ट टायगर. पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत दोन नागपूरच्या अल्याडपल्याडचे होते, मेळघाट आणि कान्हा. म्हणजे ज्या वर्षी नागपुरातून विमानं उठून गेली, त्याच वर्षी नागपूरला पाहुणे आणणारं खरं कारण कागदावर जन्माला आलं. हे तेव्हा कुणाला कळणंच शक्य नव्हतं.

पुढची तीस वर्षं फार संथ गेली. ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ चं, पण व्याघ्र प्रकल्प व्हायला १९९५ उजाडलं. महाराष्ट्रातलं पेंच १९९९ साली व्याघ्र प्रकल्प झालं. जंगलातली गावं हलवणं, वणवे विझवणं, पाणवठे राखणं, शिकार रोखणं... ही कामं पंचवीस-तीस वर्षांत एका एका माणसाच्या पायपिटीने होतात. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात वाघ होते १०३. २०२२ च्या गणनेत ४४४.

आणि विमानाचं काय? १९९४ साली विमान महामंडळांचा जुना कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांचा रस्ता मोकळा झाला. २००३ साली कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन आली, मग २००५-०६ मध्ये स्पाइसजेट आणि इंडिगो. तिकीट मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. नागपूरच्या विमानतळाला २००५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दिलं गेलं, २००८ मध्ये नवी इमारत उभी राहिली. जंगल तयार होतं, वाघ दिसायला लागले होते आणि नेमकं तेव्हाच तिकीट स्वस्त झालं. मग मात्र बेंगळुरू-पुण्या-मुंबईचे आपल्यासारखेच लोक, गळ्यात लांबलचक लेन्स अडकवून, शुक्रवारी रात्री सोनेगावला उतरायला लागले. रामदासपेठेतल्या हॉटेलांसमोर पहाटे हिरव्या कपड्यातली माणसं गाडीत बॅगा चढवताना दिसतात ना, ती हीच.

म्हणजे पिंट्याचं गणित चूक नाही, पण अर्धवट आहे. त्याने बेरीज केली होती : विमान अधिक गाव बरोबर पर्यटक. खरं तर तो गुणाकार आहे. जमिनीवर आधीच काहीतरी कारण असेल तर विमान त्याला दसपट करतं. जमिनीवर शून्य असेल तर चार काय, चाळीस विमानं आणा, उत्तर शून्यच. १९४९ ते १९७३ या काळात आपण शून्याला चाराने गुणत होतो.

गोव्याचंही तसंच. गोव्याला विमानाने वाढवलं असं आपण म्हणतो. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगिजांनी १९५५ मध्ये बांधला, पण साठ-सत्तरच्या दशकांत गोव्याचे किनारे ज्यांनी जगाला दाखवले ते हिप्पी विमानाने कमी आणि युरोपातून रस्त्याने, मुंबईहून बोटीने जास्त आले. ऐंशीच्या दशकात युरोपातून चार्टर विमानं सुरू झाली, ती आधीच बनलेल्या नावावर. त्या विमानांनी जो गुणाकार केला त्यात चांगल्याबरोबर वाईटही गुणलं गेलं, पाणी, कचरा, जमिनीचे भाव. त्याच ऐंशीच्या दशकात तिथले काही लोक या चार्टर पर्यटनाविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. गुणाकार करणारा यंत्रासारखा असतो, काय गुणायचं ते विचारत नाही.

आणि विमानाशिवाय काय होऊ शकतं हे बघायला मला लांब जावं लागत नाही. घरापासून चालत गेलं की दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा लाखो माणसं आली. तेव्हापासून दरवर्षी लाखो येतात. जनरलच्या डब्यातून, एसटीने, ट्रकने, पायी. रस्त्याच्या कडेला झोपतात, पुस्तकं विकत घेतात आणि परत जातात. नागपुरात येणाऱ्या पाहुण्यांचा हा सगळ्यात मोठा लोंढा, आणि पर्यटनाची चर्चा निघाली की आपण त्याला मोजतसुद्धा नाही, कारण तो विमानातून उतरत नाही. कारण पक्कं असेल तर माणूस वाहनाची वाट बघत नाही, हे त्या गर्दीने सत्तर वर्षांपूर्वीच सिद्ध केलंय.

असो. एवढं सगळं झाल्यावर मी पिंट्याला फोन करून 'विमान हा गुणक आहे' वगैरे ज्ञान दिलं. तो म्हणाला, "दादा, तू एकदा इकडं ये. फोनवर नको सांगू."

गेल्या शनिवारी गेलो. सिल्लारीला. जाताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. पूर्वी या रस्त्याने मामाकडे जाताना हाडं खिळखिळी व्हायची. आता महामार्ग चौपदरी झालाय, आणि जंगलाच्या भागात वाघ-हरणांना जायला रस्त्याखालून वाटा ठेवल्या आहेत. विमानाने आलेला माणूस शेवटी या रस्त्यानेच जंगलात पोचतो. विमानतळाचं उद्घाटन टीव्हीवर दिसतं, रस्ता मात्र कमरेला कळतो.

पिंट्याने मला गेटवर नेलं. तिथे जे कळलं ते मला कुठल्याच पुस्तकात इतकं स्पष्ट कळलं नव्हतं. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात पर्यटनावर तात्पुरती बंदी घातली होती. ऑक्टोबरमध्ये ती उठली, पण नियम घालून. गाभ्याचा जास्तीत जास्त वीस टक्के भाग पर्यटनासाठी, आणि गाड्या जंगलाला झेपतील तेवढ्याच. प्रत्येक गेटला सकाळच्या गाड्या ठरलेल्या, दुपारच्या ठरलेल्या. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभा बंद.

"म्हणजे विमानं दुप्पट झाली तरी गाड्या तेवढ्याच?" मी विचारलं.

"तेवढ्याच," पिंट्या म्हणाला. आणि मग बराच वेळ काही बोललाच नाही.

आम्ही याला बॉटलनेक म्हणतो. सर्व्हर कितीही वाढवा, डेटाबेसचं कनेक्शन एकच असेल तर काय उपयोग? धावपट्टी दुसरी होवो नाहीतर तिसरी, सिल्लारीचं गेट तेवढंच राहणार, आणि राहायलाच हवं. गोव्यात जो गुणाकार कुणी थांबवला नाही, तो इथे या गेटवर थांबतो. ते गेट आहे म्हणूनच तर १०३ चे ४४४ झाले. पण मग सहा खोल्या भरणार कशाने? ज्याला सफारी मिळाली नाही तो पिंट्याकडे कशाला थांबेल?

पिंट्याचा चेहरा पडला होता. त्याच्या जमिनीवर बसलो होतो. मामीने पाठवलेलं वांग्याचं भरीत आणि भाकरी खाल्ली. अंधार पडला. आणि हळूहळू वर एवढे तारे आले, एवढे तारे, की मी बोलायचंच विसरलो. रामदासपेठेत मला मोजून पाच-सात दिसतात, तेही हॉटेलांच्या पाट्यांमधून.

"हे काऊन असं दिसते?" मी विचारलं.

"अरे, तुले नाई माहीत? हे डार्क स्काय पार्क हाय ना. गावातले सगळे लाइट बदलले, खाली तोंड करून लावले. लोक येते इकडं दुर्बीण घेऊन."

हे मला बातम्यांतून माहीत असायला हवं होतं. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंचला हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, भारतात पहिला. सिल्लारी, वाघोली, पिपरिया, खापा या गावांतले दिवे त्यासाठी बदलले. आणि मला एकदम दिवा लागला (खाली तोंड केलेला :)). सफारी पहाटे आणि दुपारी असते, तिच्यासाठी माणूस नागपुरात झोपूनही येऊ शकतो. तारे मात्र रात्रीच दिसतात. त्यासाठी मुक्कामच करावा लागतो. गाड्यांची मर्यादा नाही, गेट नाही. नागपूरचा माणूससुद्धा आपली गाडी काढून येईल. शॅननच्या त्या खटपट्या माणसाने पडका किल्ला शोधला होता. पिंट्याच्या डोक्यावर रोज रात्री अख्खं आकाश होतं आणि तो धावपट्टीची वाट बघत होता.

आम्ही तिथेच बसून नवा हिशोब केला. सहा नाही, दोन खोल्या. वर गच्ची, तिच्यावर बाजा टाकायच्या, आणि एकही दिवा वर तोंड करून नाही. पावसाळ्यात आकाशही बंद आणि जंगलही बंद, तेव्हा शेती. माझे पाच नाही, दोन लाख. चालला तर पुढच्या वर्षी बघू. पिंट्याला सहा खोल्यांचं वाईट वाटलं, ते दिसत होतं. पण बँकेचं कर्ज घ्यावं लागणार नाही म्हटल्यावर मामाने पहिल्यांदा हसून मान हलवली. आणि खरं सांगू का, दोन लाख बुडणारच नाहीत याची खात्री मलाही नाही. पण आता ते कशावर लावतोय हे तरी कळतंय.

रात्री उशिरा, दीड वाजला असेल, आम्ही दोघंही बाजेवर पडून होतो. दक्षिणेकडे एक ठिपका लुकलुकत सरकत होता.

"इमान," पिंट्या म्हणाला. "सोनेगावले उतरून राहिलं असन."

मला आजोबांची आठवण आली. याच वेळी ते सोनेगावला थैल्या फेकत असायचे, आणि देशातली मोठमोठी माणसं जांभया देत विमान बदलत असायची. बाहेर येऊन वर बघा, एवढं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

"उतरू दे," मी म्हटलं. "इकडे आलेच तर त्यांच्यासाठी बाज आहे."